हेड उतरलंच आहे तर...

कसारा घाटाच्या माथ्याजवळ आमच्या डिझेल गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला. हा तोच घाट, जिथे दर ३७ मीटरला १ मीटर चढायचं म्हणून रेल्वेगाड्याही मागून जादा इंजिनं लावून घेतात. गाडी टोचन करून नाशिकला आणली. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडलं, आतून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटावर चहाच्या रंगाची दाट साय. ऑइलमध्ये पाणी! "हेड गॅस्केट गेलं, भाऊ."

इंजिन म्हणजे दोन मजली घर समजा. खालच्या मजल्यावर, ब्लॉकमध्ये, पिस्टन पळतात. वरच्या मजल्यावर, हेडमध्ये, व्हॉल्व्ह बसतात. मधे जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची पोलादी पत्र्यांची चळत, तेच गॅस्केट. एका भोकात २००० अंशांच्या वरचा जाळ, बोटभर अंतरावर कूलंटचं पाणी, त्याच्या शेजारी ऑइल. या तिघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

एवढंच? भडका उडतो तेव्हा डिझेल इंजिनात दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १५० किलोचा दाब येतो. ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचा हिशेब मांडून बघा: साडेसहा टन! मालासकट कांद्याचा टेम्पो हेडला खालून ढुशी देतोय, आणि ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमधून सेकंदाला २५ वेळा. त्यात हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर तापल्यावर अॅल्युमिनियम जवळपास दुप्पट पसरतं. म्हणजे इंजिन गरम-गार होताना दर वेळी दोन मजले एकमेकांवर सूक्ष्म सरकतात, आणि मधलं गॅस्केट ते मुकाट सोसतं. ते फाटतं याचं नवल नाही, वर्षानुवर्षं टिकतं याचं आहे.

आता पैशांचं. मी गॅस्केटची किंमत ऐकून खूश झालो, तर मिस्त्री म्हणाले, "गॅस्केट स्वस्तच असतं. पैसे तिथवर पोचायचे असतात." खरंच, मॅनिफोल्ड, पाइप, टायमिंगची जुळणी, हेड बोल्ट, सगळं सोडवत जायचं आणि परत बांधत यायचं. मजुरी त्या वाटेची. म्हणून त्या वाटेवर जे जे लागतं, ते बघायची वेळ हीच.

पहिलं हेडच. तापून ते वाकतं, पण डोळ्याला काही दिसत नाही. मिस्त्रींनी त्यावर पोलादी पट्टी तिरपी ठेवली आणि खालून फिलर गेजची पातळ पात सरकवली. बहुतेक इंजिनांत चालणारा वाक किती? ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाएवढा! त्याहून जास्त असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग करून घ्यायचं, आणि आधी दाबाखाली तडा तपासायचा. काही डिझेल हेडना फेसिंग चालतच नाही, हे आधी विचारून घ्या. नवं गॅस्केटही डोळे झाकून घेऊ नये. पुष्कळ डिझेल इंजिनांत ते दोन-तीन जाड्यांत मिळतं आणि कडेला पाडलेली बारीक भोकं मोजून जाडी ओळखतात.

मग व्हॉल्व्ह. मी एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात घेतला. छत्रीसारखी तबकडी, कडेला जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची चकचकीत पट्टी. चालत्या इंजिनात ही तबकडी ७००-८०० अंशांवर तापते. तिला गार कोण करतं? मुख्यतः ती अरुंद पट्टी! व्हॉल्व्ह सीटवर टेकतो त्या क्षणभरात उष्णता तिथून हेडमध्ये आणि पुढे पाण्यात उतरते. लाखभर किलोमीटरमध्ये तो असा दहा-पंधरा कोटी वेळा टेकलेला असतो. पट्टीवर कार्बन बसला की उष्णतेची वाट अडते आणि व्हॉल्व्ह जळतो. म्हणून हेड हातात असताना पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून घ्यायचे, आणि दांड्यांवरच्या रबरी टोप्या, म्हणजे व्हॉल्व्ह सील, न विचारता बदलायच्या. पुढे धूर यायला लागला तर त्या टोप्यांसाठी पुन्हा हेडचा दरवाजा ठोठावावा लागू शकतो.

इंजेक्टर निघालेच आहेत तर टेस्टिंगला द्या. नाशिककरांना मायको सर्कल ठाऊक असतं, पण ज्या कारखान्यामुळे ते नाव पडलं तिथे काय घडवतात? इंजेक्टर आणि त्यांचे नोझल. आतली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉन! केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या फटीत ती सुई आयुष्यभर धावते.

सगळ्यात जास्त जीव जडला तो थर्मोस्टॅटवर. ना वायर, ना सेन्सर. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ८५ अंशांच्या आसपास ते वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. मेण गार झालं की वाट बंद. आमच्या गाडीचा गुन्हेगार हाच होता, अर्धवट उघडून अडकलेला. त्यामुळे कारण न शोधता नुसतं गॅस्केट बदललं असतं, तर पुढच्या घाटात पुन्हा तेच झालं असतं. सोबत रेडिएटर कॅपही बदला. ती कुकरच्या शिट्टीसारखी दाब धरते, म्हणून कूलंट १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टायमिंग बेल्ट असेल तर तो, आणि त्याच्या आडोशाला वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, असेल तर तीही, यात चर्चाच नको.

पिस्टनच्या रिंगांना मात्र मी नाही म्हटलं. टॉर्च मारून सिलिंडरच्या भिंती पाहिल्या, तर कारखान्यात होनिंग करताना मारलेल्या तिरप्या रेघा लाखभर किलोमीटरनंतरही जशाच्या तशा! त्याच रेघा ऑइल धरून ठेवतात. त्या शाबूत असताना आणि गाडी ऑइल खात नसताना पिस्टन बाहेर काढायचं कारण नव्हतं.

शेवटी हेड बोल्ट, नवेच. आमच्या इंजिनातले बोल्ट नुसते आवळत नाहीत, ताणतात. पोलाद किंचित लांबतं आणि स्प्रिंगसारखं हेडला खाली ओढून धरतं. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तसा ओढेलच असं नाही. मिस्त्रींनी मधल्या बोल्टपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात आधी टॉर्क रिंचने ठरलेला जोर दिला. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर खडूने रेघ मारली, पान्याला लांब दांडा लावला, आणि पहिली रेघ पूर्ण ९० अंश फिरेपर्यंत गॅरेजमध्ये कुणी बोललं नाही.