बारावीचे वर्ष आणि तब्येतीची फाईल

सतरा वर्षांचा मुलगा डॉक्टरांसमोर बसलेला असतो. काय होतंय, असे विचारले की तो आईकडे पाहतो आणि आई सांगू लागते, ‘‘आठ दिवस झाले, डोकं दुखतंय म्हणतो. जेवतही नाही नीट.’’ रक्तगट कोणता, कोणते औषध सोसत नाही, धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी झाले, सगळी उत्तरे आईचीच. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कोणत्याही दवाखान्यात हे रोज दिसते आणि त्यात वावगे काही नाही. अडचण एवढीच, की वर्षभराने हाच मुलगा पुण्याच्या किंवा नागपूरच्या वसतिगृहात असेल, नाहीतर सकाळच्या लोकलने माटुंग्याला निघालेला असेल. तिथे ताप भरला तर उत्तरे द्यायला आई शेजारी नसेल.

बारावीला घराघरांत एक फाईल तयार होते. अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातपडताळणी, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती. सेतू केंद्राच्या फेऱ्या मारून पालक ती जुळवतात. तब्येतीची फाईल मात्र अर्धी कपाटात असते आणि अर्धी आईच्या डोक्यात. ती मुलाच्या हाती देण्याचेही हेच वर्ष आहे.

सुरुवात झोपेपासून करावी लागते, कारण बारावीत सर्वांत आधी तीच जाते. सकाळी सातचे कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास आणि रात्री एकपर्यंत अभ्यास. किशोरवयात मेंदूतून झोप आणणारे मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरू लागते. म्हणून रात्री अकरापर्यंत डोळ्यांत झोप नसणे हा आळशीपणा नाही, ते वयच तसे आहे. मात्र या वयाला गरज आठ ते दहा तासांची असते. दिवसभर वाचलेले पक्के होते ते झोपेत. झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणे. राज्य सरकारने 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, ते योग्यच झाले. बारावीच्या मुलांच्या झोपेचा विचार अजून कोणी केलेला नाही. निदान घरात तरी तो व्हावा. रात्री दहाची कॉफी बंद करावी. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे तीनलाही अर्धा कप मेंदूत असतोच. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर लहान मुलांसाठी नाही असे बारीक अक्षरांत छापलेले असते, तेही एकदा वाचावे.

‘अभ्यासाने थकते बिचारी’ म्हणून ज्या मुलींकडे दुर्लक्ष होते, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे रक्त कमी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुली रक्तक्षयाच्या आढळल्या. साध्या सीबीसी तपासणीत ते कळते. मुलीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू होतात. गोळीवर लगेच चहा पिऊ नये; चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतलेली गोळी जास्त लागू पडते.

या पट्ट्यातल्या पालकांसाठी एक गोष्ट खास सांगण्यासारखी. गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल आणि तांबड्या पेशी आकाराने लहान दिसत असतील, तर थॅलेसेमियाचा वाहकपणा आहे का, हे पाहावे. सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे आणि उल्हासनगर-कल्याण ते ठाणे-मुलुंड या भागात या समाजांची मोठी वस्ती आहे. इतर समाजांतही वाहक असतातच. वाहक मुलाला स्वतःला काही त्रास नसतो. पण पुढे जोडीदारही वाहक निघाला, तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला मोठा थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारांत एक असते आणि अशा मुलाला जन्मभर रक्त चढवावे लागते. तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. ती लग्न ठरताना करायला गेले की रुसवेफुगवे होतात. कॉलेजात जाताना केली तर तो नुसता एक अहवाल असतो, फाईलला लावून ठेवायचा.

शाखा निवडण्यापूर्वी डोळेही तपासून घ्यावेत, आणि नुसता नंबर नव्हे. मर्चंट नेव्ही, वैमानिक, सैन्यदल किंवा रेल्वेचा चालक व्हायचे असेल तर रंगांची पारख नीट असावी लागते. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळतो. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायची इशिहारा चाचणी पाच मिनिटांची आहे. ती आधी केली नाही म्हणून, दोन वर्षे क्लासची फी भरून झाल्यावर, वैद्यकीय तपासणीच्या दिवशी मुलाला हे पहिल्यांदा कळते. त्या दिवशीचा त्याचा चेहरा पाहवत नाही.

ज्या मुलांना दमा, फिट्स किंवा टाइप वन मधुमेह आहे, त्यांच्या घरी ही तयारी सर्वांत आधी सुरू व्हायला हवी. फिट्सची गोळी आजवर आईने हातावर ठेवली, म्हणून ती चुकली नाही. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात जागरणे होतात आणि गोळी विसरते; फिट येण्यासाठी या दोन गोष्टी पुरेशा आहेत. म्हणून बारावीच्या दिवाळीपासूनच गोळ्यांचा डबा मुलाने स्वतः भरावा आणि संपण्याआधी औषधाच्या दुकानातून स्वतः आणाव्यात. आईने आठवड्यातून एकदा डबा पाहावा, रोज विचारू नये. चुका व्हायच्या त्या घरी असताना झालेल्या बऱ्या. मधुमेही मुलाच्या खोलीतल्या निदान एका मित्राला साखर उतरल्याची लक्षणे माहीत हवीत: घाम, थरथर, असंबद्ध बोलणे. शुद्धीत असेल तर लगेच साखरेचे पाणी पाजायचे; शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. ‘कोणाला सांगू नकोस’ ही घरची शिकवण इथे जिवावर बेतू शकते.

मनाचे काय? परीक्षेची भीती सगळ्यांनाच वाटते आणि पेपर झाला की ती उतरते. पण दोन आठवडे होऊनही मूल उदासच आहे, आवडीच्या गोष्टी सोडल्या आहेत, झोप-भूक बिघडली आहे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलते आहे, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट, बोलायला वाट मिळते. होय म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. डोंबिवलीत आईवडील दोघेही सकाळी सातला निघून रात्री नऊला परतणारी घरे थोडी नाहीत. तिथे बोलायला वेळ उरतो तो रात्रीच्या जेवणाचा. निदान तेवढा तरी मार्कांच्या चौकशीत जाऊ नये.

राहिली लोकल. 9 जून 2025 रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले. किमान चार जण गेले. महिनाअखेरीस कॉलेजे भरू लागतात आणि अठरा वर्षांची मुले पहिल्यांदा या गर्दीत शिरतात. परीक्षा आणि निकाल यांमधल्या सुट्टीत पालकांनी दोन-तीनदा, ऐन गर्दीच्या वेळी, मुलाबरोबर तो प्रवास करावा. कोणती गाडी डोंबिवलीहून सुटते, कोणती कल्याणहून भरून येते, कोणती सोडून द्यायची, हे सांगून कळत नाही. पहिले लेक्चर बुडाले तरी चालेल, घरी ओरडा बसणार नाही, हे मात्र तोंडाने स्पष्ट सांगावे. दारात लटकणारी सगळीच मुले हौसेने लटकत नाहीत. बरीचशी उशिराच्या धास्तीने लटकतात.

याच सुट्टीत सर्दी-खोकल्यासारखे काही झाले, तर मुलाला दवाखान्यात एकट्याने आत जाऊ द्यावे. केसपेपरची रांग त्यानेच लावावी, काय होतंय ते त्यानेच सांगावे, औषध कधी घ्यायचे तेही त्यानेच विचारावे. आई बरोबर आली असेल तर तिने बाहेरच्या बाकावर बसावे. डॉक्टरांनी रक्तगट विचारला आणि तो आठवला नाही, तर तो बाहेर येऊन विचारेल. पुढच्या वेळी नाही विचारणार.