माळढोकाला नडलेली चांगली कामं

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर नान्नज येतं. द्राक्ष बागायतदारांना या गावाची ओळख करून द्यावी लागत नाही. ‘सोनाका’ हे लांबट मण्यांचं बिनबियांचं वाण इथल्याच नानासाहेब काळे यांनी निवडून काढलं आणि राज्यभरातल्या मांडवांवर ते चढलं. पक्षी पाहणाऱ्यांनाही नान्नज ठाऊक आहे, ते माळढोकासाठी. गावाच्या या दोन ख्यातींपैकी पहिली वाढत गेली. दुसरी आता बरीचशी फलकांवर उरली आहे. अलीकडच्या वर्षांत इथे एखादा माळढोक दिसला तरी त्याची बातमी होते.

यात द्राक्षाचा दोष काढण्यात अर्थ नाही आणि ते लावणाऱ्यांचा तर नाहीच. माळढोकाची हकिगत अवघड होऊन बसते ती इथेच. बंदूकधारी खलनायक शोधायला निघालं तर तो बराच मागे सापडतो. गेल्या पन्नास वर्षांत या पक्ष्याला हुसकावणाऱ्यांच्या यादीत कालवे आहेत, वृक्षारोपण आहे, विहिरींवरचे पंप आहेत, खुद्द त्याच्याच नावाने काढलेली अधिसूचना आहे आणि शेवटी सौर व पवनऊर्जा आहे. यातलं प्रत्येक काम कुणाच्या ना कुणाच्या भल्यासाठी झालेलं.

पक्षी थोराड. उभा राहिला की मीटरभर उंच भरतो, नर पंधरा किलोपर्यंत जातो. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी, पाठ वाळल्या गवताच्या रंगाची. विणीच्या हंगामात नर गळ्याची पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबती सोडतो, शेपूट पाठीवर उलटी घेतो आणि खोल घुमणारा हुंकार काढतो. सपाट माळावर हा आवाज लांबवर जातो. खाण्याच्या बाबतीत फारसे चोचले नाहीत. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, शेतातला हरभरा आणि भुईमूग, सगळं चालतं.

चोचले आहेत ते जागेचे. नाचायला त्याला आखूड गवताचा उंचवटा लागतो, म्हणजे मादीला तो दिसतो. मादीला अंडं घालायला थोडं उंच, विस्कळीत गवत लागतं. चरायला कोरडवाहू ज्वारी-करडईची शेतं आणि पडून असलेली रानं लागतात. घरटं असं नसतंच. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं, त्यावर जवळजवळ चार आठवडे बसणं आणि मग पिल्लाला महिनोन् महिने सांभाळणं. ते अंडं कुत्र्याने किंवा कोल्ह्याने उचललं तर बहुतेक वेळा त्या मादीचं ते वर्ष गेलं. एवढ्या संथ हिशेबाने चालणाऱ्या जातीला दरसालची थोडी जास्तीची मरही भरून काढता येत नाही.

शिकारीने पाया खचवला होताच. अहमदनगर परिसरात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या देशातल्या रानांत मिळून जेवढे माळढोक उरले असतील त्यांच्या कितीतरी पट पक्षी एकट्या माणसाच्या बंदुकीने टिपले! पुढे जीप आली आणि उघड्या माळावर पक्ष्याला लपायला जागाच राहिली नाही. राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा कौल माळढोकाला होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९६९ च्या सुमारास देशभरात १,२६० माळढोक असावेत असा अंदाज पक्षीअभ्यासक धर्मकुमारसिंहजींनी बांधला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत बसवलं आणि बंदुकीचा प्रश्न बराचसा मिटला.

संख्या मात्र घसरतच राहिली.

नान्नजचा सुरुवातीचा काळ उमेदीचा होता. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून माळाचे काही तुकडे राखले गेले. चराई थांबली तशी कुसळी, पवना, मारवेल ही गवतं उभी राहिली आणि माळढोक तिथे विणीला येऊ लागले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या असद रहमानी यांनी नान्नज, मध्य प्रदेशातलं करेरा आणि राजस्थान इथे या पक्ष्याचा सविस्तर अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. राखलेला तुकडा पक्ष्याला विणीपुरता पुरतो, वर्षाचे बाकीचे महिने त्याला भोवतालचा जिरायती मुलूख लागतो. शेतकरी आणि माळढोक तिथे शेजारी म्हणून नांदत होते, कारण शेतीच अशी होती की तिच्यात पक्ष्याला वावरता येत होतं.

या अभ्यासाआधीच सरकारने अभयारण्य केलं होतं. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात घातलं. हे गोव्याच्या दुपटीहून मोठं झालं. त्यात वनखात्याची जमीन थोडी. बाकी गावं, शेतं, वाड्या, रस्ते असं सगळंच आत. जमिनीचे व्यवहार, बांधकाम, उद्योग यांना परवानग्यांची अडचण येऊ लागली आणि ज्याने कधी माळढोक पाहिलाही नव्हता त्या शेतकऱ्याच्या तोंडी तो शिवीसारखा येऊ लागला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर तीन दशकं उलटली होती. नकाशावर एवढा मोठा प्रदेश राखीव असताना पक्ष्यासाठी खरोखर राखलेलं गवत थोड्या तुकड्यांपुरतंच होतं. संरक्षणाचा सगळा जाच लोकांना झाला आणि फायदा पक्ष्यालाही झाला नाही, असं दुहेरी अपयश सरकारी कामातही विरळाच.

शिवपुरी जिल्ह्यातल्या करेऱ्यात याचीच दुसरी आवृत्ती निघाली. तिथे अभयारण्य झाल्यावर काळविटांची संख्या वाढली, ती पिकांवर पडू लागली, भरपाईचं घोडं अडलं आणि लोकांचा राग माळढोकावर निघाला. १९९० च्या दशकात तिथला माळढोक संपला. आंध्रातल्या तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यात रोल्लापाडूला कालव्याचं पाणी आलं, भोवतालची कोरडवाहू पिकं बदलली आणि तिथूनही तो गेला.

सोलापुरात पाणी आणलं उजनीने. भीमेवरचं हे धरण १९८० च्या सुमारास पुरं झालं. जिथे पाऊस पाच-साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, तिथे ऊस उभा राहिला, कारखाने आले, विंधन विहिरी खोल गेल्या, बागांना तारेची कुंपणं पडली. करडई आणि ज्वारीच्या रानात माळढोक मान वर काढून चालू शकतो, पुरुषभर उंच उसात त्याला शिरताच येत नाही. पाण्यासाठी जन्मभर वणवण केलेल्या शेतकऱ्याला कुणी ‘करडईच पेर’ असं सांगणं हा उद्धटपणा झाला असता. पण जो शेतकरी ज्वारी-करडईवरच राहिला त्याला त्याबद्दल कुणी चार पैसे जादा दिले असते, तर चित्र थोडं वेगळं दिसलं असतं. असा विचार गांभीर्याने झालाच नाही.

उरलेल्या माळावर झाडं लावली गेली. सरकारी दफ्तरात गवताळ माळ बहुतेक वेळा पडीक जमिनीच्या रकान्यात जातो. पडीक म्हटलं की ती सुधारायची आणि सुधारायची म्हणजे खड्डे घेऊन रोपं लावायची. सामाजिक वनीकरणात सुबाभूळ, गिरिपुष्प अशी भराभर वाढणारी झाडं माळांवर आली. नान्नजच्या राखीव गवताळ तुकड्यांच्या कडेलाही गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. लांबवर नजर टाकून शत्रू हेरणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने झाडांची रांग ही भिंत असते. दरवर्षी जूनमध्ये वृक्षलागवडीचे उच्चांक जाहीर होतात. किती हेक्टर गवत राखलं याचा आकडा मात्र कुणी फ्लेक्सवर छापत नाही.

माळावर माळढोक एकटा राहत नाही. चिंकारा, काळवीट, खोकड, धाविक आणि लांडगा ही सगळी त्याच माळाची बिऱ्हाडं. यांच्यासाठी राखलेल्या जागा किती मोठ्या असाव्यात? कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटर आहे. बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य ५ चौरस किलोमीटरांपेक्षा जरा मोठं. एका रात्रीत कित्येक किलोमीटर तुडवणाऱ्या लांडग्याला ही सीमा ओलांडायला तासही लागत नाही. देशात वाघांएवढेही लांडगे उरले नसावेत, असं त्यांच्या संख्येचे अलीकडचे अंदाज सांगतात. त्यात नवी भर कुत्र्यांची. गावाबाहेरच्या कचऱ्यावर आणि कोंबडीच्या टाकाऊ मांसावर पोसलेली कुत्री माळावर टोळ्यांनी फिरतात, अंडी-पिल्लं खातात, रोग पसरवतात. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याचं २०२३ साली जनुकीय अभ्यासातून सिद्ध झालं. धनगर शतकानुशतकं लांडग्याला मेंढरं गमावत आले आहेत आणि तरीही लांडगा टिकला. उकिरड्यावरच्या कुत्र्यापुढे तो टिकेल का, ही शंका आता अभ्यासकांना पडली आहे.

माळढोकाचा मोठा आसरा आता राजस्थानात उरला आहे. देशभर मिळून रानात जे दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पक्षी असतील, त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात, मरू राष्ट्रीय उद्यान आणि पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्राच्या आसपास आहेत. तोफांचा सराव चालतो तिथे पक्षी टिकला, हा विनोद नव्हे. तिथे नांगर, कुंपण आणि इमारत येत नाही, एवढंच त्याचं कारण.

याच वाळवंटात भारतातली सर्वांत कडक उन्हं आणि भरवशाचे वारे आहेत. साहजिकच सौर आणि पवनऊर्जेचे प्रकल्प इथे आले आणि वीज बाहेर नेण्यासाठी उच्चदाब वाहिन्यांचं जाळं आलं. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना. जमिनीवरचा धोका त्याला दुरून दिसतो, पण उडताना नेमकं समोरचं नीट दिसत नाही. बारीक तार दिसते तेव्हा अंतर संपलेलं असतं आणि पंधरा किलोचं अंग ऐनवेळी वळत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या पथकाने थरच्या वाळवंटात ८० किलोमीटर वाहिन्यांखाली सात वेळा पायपीट केली, तेव्हा सुमारे ४० जातींचे २८९ मृत पक्षी सापडले. त्यावरून संस्थेने मांडलेला अंदाज असा की, थरच्या त्या ४,२०० चौरस किलोमीटर पट्ट्यात वाहिन्यांमुळे वर्षाला ८४,००० पक्षी मरत असावेत आणि त्यांत सुमारे १८ माळढोक. उरलेले पक्षी आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहिला की जात नामशेष होण्याचा हिशेब शाळकरी मुलालाही मांडता येईल. गुजरातेत कच्छच्या नलियाकडे तर गेली काही वर्षं केवळ माद्याच उरल्या आहेत.

१९७२ च्या कायद्याच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते माजी सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १९ एप्रिल २०२१ ला न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातल्या वाहिन्या, जिथे शक्य आहे तिथे, जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. सरकार आणि वीज कंपन्या म्हणाल्या की, सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरवर हा आदेश लागू पडतो, अतिउच्च दाबाची वीज भूमिगत नेणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि भलतंच महाग आहे, आणि कोळसा कमी करायच्या देशाच्या वचनाला त्याने खीळ बसेल. २१ मार्च २०२४ ला न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क याच निकालात मान्य झाला. माळढोकाच्या खटल्यातून माणसांना नवा हक्क मिळाला आणि ज्याच्यासाठी खटला होता त्याला समिती. समितीच्या शिफारशींनंतर डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटरचं प्राधान्य क्षेत्र मान्य केलं.

कोळसा की माळढोक, असा पेच न्यायालयात मांडला गेला खरा, पण तो पुरता खरा नाही. सौर पटलं उभारण्याची जागा निवडता येते. वाहिन्यांचे मार्ग एकत्र आणता येतात. तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावता येतात, जरी त्यांनी प्रत्येक टक्कर टळत नाही. नुकसान झालं ते आधी वाहिन्या टाकून मग पक्षी मोजायला बसल्यामुळे. ‘ओसाड वाळवंट’ म्हटल्यावर जागेची निवड करायची असते हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. सोलापूरच्या माळावर रोपं लावणाऱ्यांच्या ध्यानातही ते आलं नव्हतं.

या सगळ्यात बरी बातमी पिंजऱ्यातली आहे. जैसलमेरजवळ सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत २०१९ पासून रानातली अंडी आणून उबवली जात आहेत. अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीचं तांत्रिक साह्य त्यामागे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रामदेवऱ्याच्या ‘सुदा’ या नराचं वीर्य समच्या ‘टोनी’ या मादीला देऊन कृत्रिम रेतनाचं पहिलं पिल्लू जन्मलं. केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या आता साठीच्या पुढे गेली आहे. माणसांच्या हातांवर वाढलेली ही पिढी रानात सोडायची नाही. तिची पिल्लं सोडायची, असा बेत आहे. त्याला काही वर्षं लागतील. ती सोडायची तर तारा, कुत्री आणि कुंपणं नसलेलं मोठं गवताळ रान हवं आणि ते प्रयोगशाळेत उबवता येत नाही.

महाराष्ट्रापुरतं पाहायचं तर असं रान कोण राखतंय याचं एक उत्तर वाशीम-अकोल्याकडे मिळतं. तिथले फासेपारधी पिढीजात शिकारी. गवत, तणमोराची वीण, तितराच्या जागा यांची त्यांच्याइतकी माहिती कुठल्याही खात्याकडे नव्हती. ‘संवेदना’ या संस्थेच्या सोबतीने या समाजातल्या काही वस्त्यांनी शिकारीवर स्वतःच बंदी घातली, गवताळ रानं राखायला घेतली, आणि माळढोकाचा हा छोटा भाऊबंद, तणमोर, तिथे वीण करताना नोंदवला गेला. राखलेल्या रानातलं गवत चारा म्हणून कामी येतं, त्यामुळे राखण्यात लोकांचाही हिशेब जुळतो. अशा वस्त्यांना त्या जमिनीवर सामूहिक हक्क मिळवायला कागदपत्रांच्या किती फेऱ्या माराव्या लागतात, हा मात्र वेगळ्या लेखाचा विषय आहे.