जुनी लूना नव्याने बांधताय? आधी ब्रेक, मग लाईट, इंजिन शेवटी

अहिल्यानगर : गावाकडे कोणाच्या पडवीत, कोणाच्या गोठ्यात जुनी लूना अजून उभी असते. ती बाहेर काढायची, रंग मारायचा, गोल हेडलाईट नि लांब सीट बसवून ‘क्लासिक’ गाडी करायची, ही हौस तरुणांना लागलीय. हौसेला मोल नाही. पण कोणता पार्ट आधी बदलायचा हे चुकलं तर हौस जिवावर बेतते.

लूना आपल्या घरचीच. कायनेटिक इंजिनिअरिंगने ती 1972 साली बाजारात आणली. कंपनीचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया मूळचे नगरचे, आणि कारखाना नगर-दौंड रस्त्यावर. 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पायडल, हलकी फ्रेम. ही गाडी बेतानं पळण्यासाठीच बनवलेली.

ब्रेक आणि टायर
बहुतेकजण पहिला खर्च इंजिनावर करतात. इथंच गडबड होते. ताशी 30 ऐवजी 40 ने गेलात तर वेग फक्त एक तृतीयांश वाढतो, पण ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर जवळपास पावणेदोन पट होतं. त्यात 20 लिटरचे दोन कॅन लावले की 40 किलोवर दूध. म्हणून आधी ब्रेकचे लायनर आणि दोन्ही केबल नवीन टाका. ड्रम आतून झिजलाय का, तेही पाहून घ्या. टायरवर चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनाट, भेगा पडलेला टायर नको. चेन बदलताना दोन्ही चक्र्या सोबत बदला, नाहीतर नवी चेन लवकर जाते.

लाईट
ऊसाच्या ट्रॉल्या चालू असतात तेव्हा रात्री मागचा लाल दिवा जीव वाचवतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत 6 व्होल्टची वायरिंग असते, तिच्यावर 12 व्होल्टचा एलईडी नीट चालत नाही. आधी बल्बवरचे व्होल्ट वाचा. मॅग्नेटोवर एलईडी लावायचा तर रेक्टिफायर-रेग्युलेटर लागतो.

इंजिन
गाडी ओढत नसेल तर लगेच मोठा जेट टाकू नका. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये कार्बन साचतो, आधी तो काढा. प्लग पाहा : तांबूस-तपकिरी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑईल जास्त, पांढरा पडला तर इंजिन तापतंय. ऑईल अंदाजानं ओतू नका. 25 ला 1 प्रमाण म्हणजे लिटरला 40 मिली. तुमच्या मॉडेलला कोणतं प्रमाण लागतं, ते विचारूनच टाका.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मनानं करता येत नाही. मोठं इंजिन किंवा इलेक्ट्रिक किट बसवायचं तर आधी आरटीओची परवानगी घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतं. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते झालंय का हेही पाहा. अपघात झाला तर विम्याचा दावा याच कागदांवर अडतो.

बजेट कमी असेल तर रंग आणि सीट पुढच्या हंगामावर टाका. ब्रेक मात्र या आठवड्यातच करून घ्या.