गाणं तोंडपाठ, पण लिहिलं कुणी? वामनदादा कर्डकांची ओळख

मावला (प्रतिनिधी) : १४ एप्रिल जवळ आला की पैनगंगेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, भीमगीतं सारखीच वाजतात. आपल्याकडची बरीच पोरं शाळेत तेलुगू नाहीतर इंग्रजी शिकतात, मराठी पाटी वाचताना अडखळतात. पण भीमगीताचं ध्रुपद लागलं की एक शब्द चुकत नाही. यातली कितीतरी गाणी वामनदादा कर्डकांची आहेत, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत काम केलं, कोळसा वाहिला. एकदा कुणीतरी पत्र वाचून मागितलं आणि त्यांना ते वाचता येईना. ते मनाला लागलं. मग तरुणपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं जमवली. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं. १५ मे २००४ रोजी ते गेले, तोवर गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली होती असं सांगतात.

लिहिणारे, चाल लावणारे आणि गाणारे तेच. गावोगावी जायचं, रात्रभर गायचं. पेटी, ढोलकी आणि मागे कोरस, एवढाच संच. मुख्य गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो. दोन-तीनदा ऐकलं की गाणं पाठ. वाचता न येणाऱ्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचला तो असा.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जॅझ संगीतातही ही सवाल-जबाबाची रीत आहे. बिली हॉलिडे या जॅझ गायिकेनं १९३९ मध्ये काळ्यांना झाडाला लटकवून मारण्यावरचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. देश वेगळा, वाद्यं वेगळी. पण ज्यांना माणूस म्हणून मोजलं नाही, त्यांनी गाण्यातूनच हिशेब मागितला.

वामनदादांनीही तो मागितला. त्यांची गाणी म्हणजे नुसता जयजयकार नव्हे. देशाच्या धनात कष्टकऱ्याचा वाटा कुठे आहे, हे त्यांनी उद्योगपतींची नावं घेऊन विचारलं. आम्ही कॉमर्सवाले ताळेबंद कागदावर मांडतो, त्यांनी तो भर चौकात गाऊन दाखवला.

त्यांचं गाणं ओळखायची एक खूण सांगतो. शेवटचं कडवं नीट ऐका. बऱ्याचदा त्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेलं असतं. गंमत अशी की वेळ कमी पडला की नेमकं तेच कडवं गाळलं जातं. कडवं गेलं की नाव गेलं.

म्हणून यंदा जयंतीला गाणाऱ्यांना एवढंच सांगावं : शेवटचं कडवं सोडू नका, आणि आधी गीतकाराचं नाव घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी गाणी येत असतील तर मोबाइलवर भरून ठेवा. सीमेच्या या बाजूला मराठी पुस्तकापेक्षा गाण्यातच जास्त टिकली आहे.