हरळी मरत नाही, म्हणून ती बुडापासून कापायची?

पाऊस लागला की जाम नदीच्या दोन्ही काठांवर, सावरगावात आणि पांढुर्ण्यात, आणि पुढे सौंसरपर्यंत एक सल्ला सारखा कानावर येतो. घरापुढच्या लॉनचं गवत घोट्याच्या वर गेलेलं असतं, कापणारा मशीन घेऊन येतो आणि घरमालक सांगतो, "बुडापासून घ्या भाऊ, महिनाभर पाहाचं काम नाही." कुणी हरकत घेतली तर उत्तर ठरलेलं असतं, "हराळी हाय ते. मरत असते का कधी?" अर्ध्या तासात लॉनच्या जागी पिवळ्या काड्या आणि मधूनमधून काळी माती उरते. पंधरा दिवसांनी त्या मातीतून लव्हाळा आणि गाजरगवत वर येतं. मग दोष बियाण्याला जातो, खताला जातो, नर्सरीवाल्याला जातो. कापणीकडे कुणी बोट दाखवत नाही.

घरच्या लॉनचं जितकं नुकसान या एका समजुतीने होतं तितकं रोगाने किंवा किडीने क्वचितच होत असेल. म्हणून तिचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी तिच्यातलं खरं काय ते मान्य करू. हरळी चिवट आहे, यात शंका नाही. संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीत जिने हरळीच्या काशा वेचल्या आहेत तिला हे कुणी शिकवायला नको. वखर फिरवला तरी जमिनीखालच्या काशांचा एखादा तुकडा राहतोच आणि पेरापेरातून पुन्हा फुटतो. गवताचा वाढीचा कोंब पानाच्या टोकाला नसून बुडाशी असतो, म्हणून जनावराने वरून चरलं तरी ते पुन्हा वाढतं. हरळीजवळ तर जमिनीवर धावणारी खोडं आणि जमिनीखालच्या काशा असा दुहेरी साठा आहे. बुडापासून कापली तरी ती मरत नाही, हे खरंच.

पण लॉनचं काम नुसतं जिवंत राहण्याचं नाही. जमीन दाट झाकणं हे त्याचं काम आहे. शेतात हरळीचा एक धागा उरला तरी शेतकऱ्याला ती जिवंत दिसते आणि त्याचा त्रास होतो. अंगणात तोच एक धागा उरला तर तिथे लॉन नसतं, मोकळी जमीन असते. तण म्हणून हरळीशी लढताना मिळालेला अनुभव हरळी वाढवताना जसाच्या तसा वापरला, इथेच गोंधळ झाला.

बुडापासून कापल्यावर नेमकं काय होतं ते पाहा. गवताचं अन्न हिरव्या पात्यात तयार होतं. पातं गेलं की नवं पातं काढण्यासाठी रोप खोडात आणि काशांत साठवलेली साखर खर्च करतं, आणि तेवढे दिवस मुळांच्या वाट्याला काही येत नाही. हा केवळ तर्क नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५५ मध्ये फ्रँकलिन क्रायडर यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरनिराळ्या गवतांचा पाला कमी-अधिक प्रमाणात कापून त्यांनी मुळांची वाढ मोजली. ४० टक्क्यांपर्यंत पाला काढला तेव्हा मुळं वाढत राहिली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर ती थांबू लागली आणि ८० ते ९० टक्के पाला गेल्यावर वाढ पूर्ण थांबली. एका जबर कापणीनंतर मुळं पुन्हा वाढीला लागायला ६ ते १८ दिवस गेले. ज्या गवताची अशी कापणी पुन्हा पुन्हा होते त्याची मुळं सावरतच नाहीत.

आपल्या भागात याचा अर्थ फार कठोर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काळी माती वाळते, आकसते आणि भेगाळते. उघड्या जमिनीवर हे आधी घडतं, कारण सावली धरायला वर पाती नसतात. मुळं आखूड झाली की ती खालच्या ओलीपर्यंत पोचत नाहीत, मग लॉन रोज पाणी मागतं. "आमच्या लॉनला कितीही पाणी घाला, पुरतच नाही," अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी आपल्या मशीनची उंची पाहावी.

तणाचंही तसंच. अनेक तणांच्या बिया रुजायला उजेड मागतात. दाट हिरवळीखाली त्यांना तो मिळत नाही. लव्हाळा बियांपेक्षा जमिनीतल्या गाठींवरून वाढतो, पण त्यालाही सावली सोसत नाही. बुडापासून कापणारा माणूस दोघांनाही हवा तो उजेड स्वतःच्या हाताने देतो. मग तणनाशक विकत आणतो. रुंद पानांच्या तणांवर सर्रास मिळणाऱ्या २,४-डीचा फवारा वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेला तर तिची पानं आकसतात, कारण कपाशी त्या औषधाला अतिशय नाजूक आहे. एका चुकीच्या कापणीचं नुकसान असं शेजाऱ्याच्या वावरापर्यंत जाऊ शकतं.

ही समजूत इतकी घट्ट का बसली? तिला तीन अर्धसत्यांचा आधार आहे.

पहिलं, "कापल्याने गवत दाट होतं." होतं, पण वारंवार आणि थोडं थोडं कापल्याने. शेंडा छाटला की बाजूचे फुटवे जोर धरतात. त्या फुटव्यांना वाढवायला पानं उरली पाहिजेत. दाटी कापणीच्या नेमाने येते, खोलीने नव्हे.

दुसरं, "क्रिकेटच्या मैदानावर बघा, किती बारीक असतं." नागपूरजवळच्या जामठ्याला सामना पाहून आलेला माणूस हे हमखास सांगतो. मैदानावर बहुतेक ठिकाणी हरळीच्याच कुळातलं गवत असतं, पण ते बारीक पात्याचं, आखूड पेरांचं, बुटकं राहावं म्हणून निवडलेलं असतं. ते हंगामात आठवड्यातून अनेकदा कापलं जातं, तेही रुळाच्या मशीनने, जे पातं कात्रीसारखं छाटतं. पाणी, खत आणि देखरेखीला माणसं नेमलेली असतात. तिथे प्रत्येक कापणीत थोडंसंच पातं जातं. महिन्यातून एकदा कापून तसं दिसावं, ही अपेक्षाच चूक आहे.

तिसरं अर्धसत्य जुन्या माळ्यांच्या पद्धतीतून आलं आहे आणि त्याबद्दल आदराने बोललं पाहिजे. वर्षा-दोन वर्षांतून एकदा, उन्हाळ्याच्या अखेरीस, जुनं घट्ट झालेलं लॉन खुरप्याने जमिनीपर्यंत खरडायचं, दाताळं फिरवून मेलेल्या काड्या काढायच्या, वर चाळलेलं शेणखत आणि रेती पसरायची, भरपूर पाणी द्यायचं आणि पावसाच्या तोंडावर नवी फूट घ्यायची. उद्यानविद्येच्या पुस्तकांतही ही रीत आहे. ती शास्त्रशुद्ध आहे, कारण खरडल्यानंतरचा सगळा आधार तिच्यात धरलेला आहे. आपण त्यातलं फक्त खरडणं उचललं, शेणखत सोडलं, आणि वर्षातून एकदा करायचं काम दर कापणीला सुरू केलं.

मग योग्य कापणी कशी करायची? नियम एकच आहे आणि तो कुणालाही पाळता येतो. गवताच्या उंचीचे तीन भाग मानायचे आणि एका वेळी वरचा एकच भाग कापायचा. साध्या हरळीचं लॉन पावसाळ्यात ३ सेंटीमीटर आणि उन्हाळ्यात ४ सेंटीमीटर ठेवावं. म्हणजे पावसाळ्यात ते साडेचार सेंटीमीटरवर आलं की आणि उन्हाळ्यात ६ सेंटीमीटरवर आलं की कापायचं. वार पाहून कापू नका, उंची पाहून कापा. आषाढ-श्रावणात आठवड्यालाही कापावं लागेल. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत हरळी जवळपास थांबते, तेव्हा महिनाभर मशीन काढलं नाही तरी चालेल.

पोळा आणि दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार यात्रा होईपर्यंत लॉनकडे कुणाचं लक्ष नसतं आणि गणपतीच्या आधी एकदम सगळं साफ करायची घाई होते. नेमकी तीच वाढीच्या भराची वेळ असते. गवत वीतभर वाढलंच असेल तर एका दिवसात खाली आणू नका. मशीन सगळ्यात वरच्या खाचेवर लावून वरचा तिसरा भाग काढा, चार-पाच दिवस थांबा, मग पुन्हा तिसरा भाग काढा. पाच-सहा फेऱ्यांत ते हव्या उंचीवर येतं आणि पिवळं पडत नाही. बुडाशी जो पिवळा रंग दिसतो तो उन्हाने जळल्याचा नसतो. सावलीत राहिल्यामुळे कधी हिरवं न झालेलं ते खोड असतं. टप्प्याटप्प्याने उजेड मिळाला की तिथेही पानं फुटतात. पूजेसाठी तीन पानांच्या दूर्वा हव्या असतील तर कुंपणाकडेची एक पट्टी न कापता, न फवारता राखून ठेवा.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

गैरसमज: कापलेलं गवत लॉनवर राहिलं तर जाड थर साचून लॉन गुदमरतं.
वस्तुस्थिती: कापलेल्या पात्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं आणि ते लवकर कुजतं. तो थर मुख्यतः सावकाश कुजणाऱ्या खोडांचा आणि मुळांचा असतो. आखूड काप लॉनवरच राहू द्या. लॉनला वर्षाला लागणाऱ्या नत्राचा जवळपास चौथा हिस्सा त्यातून परत मिळू शकतो, असं अमेरिकेतली कृषी विद्यापीठं सांगतात. ओले गोळे किंवा लांब काप मात्र उचलून खताच्या खड्ड्यात टाका.

गैरसमज: कापल्यावर टोकं पांढरट झाली म्हणजे ऊन लागलं.
वस्तुस्थिती: बहुतेक वेळा ब्लेड बोथट असतं. ते पातं कापत नाही, फाडतं, आणि फाटलेली कड वाळते. हंगामात दोन-तीनदा धार लावून घ्या.

गैरसमज: पावसात भिजलेलं गवत मऊ असतं, तेव्हाच कापून घ्यावं.
वस्तुस्थिती: ओलं गवत आडवं पडतं, मशीनला चिकटतं आणि कापणी वरखाली होते. काळ्या मातीत चाकांनी आणि पायांनी जमीन दबते. विजेचं मशीन ओल्यात चालवणं जिवावर बेतू शकतं. वाफसा येऊ द्या.

गैरसमज: झाडाखालचं गवत विरळ आहे, ते जास्त बारीक कापलं की दाट होईल.
वस्तुस्थिती: हरळीला भरपूर ऊन लागतं. सावलीत तिला जास्त पातं हवं, म्हणून तिथे उंची वाढवा. दाट आंब्याखाली तिचा हट्ट सोडा आणि सावलीत तगणारं दुसरं काही लावा.

गैरसमज: दुपारी पाणी दिलं तर पाण्याच्या थेंबांतून ऊन एकवटून पाती भाजतात.
वस्तुस्थिती: हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. लव नसलेल्या गुळगुळीत पानांवरच्या थेंबांमुळे असं भाजणं होत नाही, असं त्यांना आढळलं. दुपारी पाणी न देण्याचं खरं कारण म्हणजे बरंच पाणी वाफ होऊन वाया जातं. पहाटे द्या, आणि रोज शिंपडण्यापेक्षा अंतराने पण खोलवर भिजेल असं द्या.

गैरसमज: नवीन लॉनला पहिले काही महिने मशीन लावायचं नाही.
वस्तुस्थिती: हलक्या हाताने ओढून पाहा. गवत मुळाशी घट्ट धरलेलं असेल आणि उंची ६ सेंटीमीटरवर आली असेल तर धारदार ब्लेडने वरचा तिसरा भाग कापा. त्यानेच ते आडवं पसरू लागतं.

यातल्या कशालाच फारसा पैसा लागत नाही. मशीनवर उंचीची खाच आधीपासून असते आणि सेंटीमीटर मोजायला शाळकरी पट्टी पुरते. पुढच्या वेळी कापणारा दारात आला की खाच कुठे लावायची ते त्याला तुम्ही सांगा, एक कापणी कमी होऊन चार पैसे वाचतील या हिशोबाने त्याला बुडापासून कापायला लावू नका. वाचलेला पैसा तणनाशकात आणि पाण्यात जातोच. येत्या पावसाळ्यात आपल्या लॉनवर तिसऱ्या भागाचा हा एक नियम पाळा आणि शेजाऱ्यालाही सांगा.