मिठावर उभे राहिलेले शहर

श्रोतेहो, खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज आपण अशा एका शहराकडे जाणार आहोत, की जे खरोखरीच मिठावर उभे राहिले. ऑस्ट्रिया देशात, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेले साल्झबुर्ग हे ते शहर. जर्मन भाषेत ‘साल्झ’ म्हणजे मीठ आणि ‘बुर्ग’ म्हणजे गड. तेव्हा आपण त्याला ‘मीठगड’ म्हणायला हरकत नाही.

युरोपातील डॅन्यूब नदीतून मोठ्या प्रवासी बोटी चालतात. प्रवासी आठ-आठ दिवस बोटीवरच जेवतात, झोपतात आणि बोट धक्क्याला लागली, की जवळपासची गावे पाहून येतात. जर्मनीतील पासाऊ किंवा ऑस्ट्रियातील लिन्झ येथे बोट थांबली, की पुष्कळजण मोटारीने साल्झबुर्गला जातात. वाट दीड-दोन तासांची. सकाळी निघावे, सायंकाळी बोटीवर परतावे. साल्झबुर्ग ज्या साल्झाख नदीवर आहे, तिच्यातून या मोठ्या बोटी जात नाहीत. पण पूर्वी याच नदीतून मिठाच्या नावा खाली येत. साल्झाख इन नदीला मिळते आणि इन पासाऊपाशी डॅन्यूबला. म्हणजे मीठ ज्या दिशेने खाली आले, त्याच्या उलट दिशेने आजचा प्रवासी वर जातो.

आता तुम्ही विचाराल, समुद्र तर आल्प्सच्या पलीकडे. मग डोंगरात मीठ आले कोठून? सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. तो आटला, मिठाचे थर मातीखाली दबले आणि पुढे पर्वत वर उचलला गेला तेव्हा त्याबरोबर तेही वर आले. साल्झबुर्गच्या दक्षिणेस हालाइन नावाचे गाव आहे. त्याच्यावरच्या ड्युर्नबेर्ग डोंगरात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून लोक मीठ खणीत आले. पुढे एक युक्ती निघाली. डोंगराच्या पोटात पोकळी करून तीत गोडे पाणी सोडायचे. मीठ विरघळे, माती तळाशी बसे. ते खारे पाणी नळांनी हालाइनला आणून मोठमोठ्या कढयांत आटवीत. आपल्या किनाऱ्यावरच्या मिठागरांत हे काम सूर्य करतो. तेथे त्यासाठी रानेच्या राने तोडून जळण आणावे लागे. ओंडके नदीतूनच वाहत येत.

या मिठाचा पैसा जाई आर्चबिशपकडे. हा धर्मगुरूही होता आणि राजाही. शहरावरचा होहेनसाल्झबुर्ग किल्ला बांधायला १०७७ मध्ये सुरुवात झाली. आज दोरीच्या गाडीने चार-दोन मिनिटांत वर जाता येते. खाली संगमरवरी देवालय दिसते. त्याची प्रतिष्ठापना १६२८ मध्ये झाली. पण मीठ तारते तसे मारतेही. मिठाच्या व्यापारावरून बव्हेरियाशी भांडण काढणारा आर्चबिशप वोल्फ डीट्रिख पकडला गेला आणि १६१७ मध्ये याच किल्ल्यात कैदी म्हणून मेला.

प्रवासी मग अरुंद गेट्राइडेगासे गल्लीत जातात. तेथल्या नऊ क्रमांकाच्या घरी २७ जानेवारी १७५६ रोजी संगीतकार मोझार्ट जन्मला. आर्चबिशपच्या चाकरीला कंटाळून १७८१ मध्ये तो व्हिएन्नाला राहिला. आज शहरभर त्याच्या नावाची मिठाई विकली जाते!

पण एका दिवसाच्या फेरीत जे सहसा कानावर पडत नाही, ते मला मुद्दाम सांगायचे आहे. डोंगरातले पुष्कळ शेतकरी आणि खाणकामगार लूथरच्या पंथाचे झाले होते. घरात लपूनछपून ते ग्रंथ वाचीत. १७३१ मध्ये आर्चबिशप फिर्मियान याने हुकूम काढला, की अशांनी राज्य सोडावे. ज्यांची स्वतःची जमीन नव्हती, त्यांना आठ दिवसांची मुदत. आणि दिवस थंडीचे! सुमारे वीस हजार माणसे देशोधडीला लागली. बरीचशी दूर पूर्व प्रशियात गेली. ड्युर्नबेर्गचे खाणकामगार आपल्या बायकामुलांसह हॉलंडकडे निघाले. ज्यांनी डोंगर पोखरून मीठ काढले, त्यांच्याच मिठाला राज्य जागले नाही. तळ्याकाठचा जो सुंदर लेओपोल्डस्क्रोन वाडा आज प्रवासी कौतुकाने पाहतात, तो याच फिर्मियानने १७३६ मध्ये बांधायला घेतला.

सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली. १९६६ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपने या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली. उशीर फार झाला. तरी चूक कबूल करणे हेही मिठाला जागणेच आहे. हालाइनचे मीठ काढणे १९८९ मध्ये थांबले. आता खाणीत पाहुणे जातात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात युरोपचा नकाशा लावाल तेव्हा साल्झाख, इन, डॅन्यूब ही वाट मुलांना बोटाने दाखवा. त्या वाटेने मीठ गेले आणि शहरात संपत्ती आली. आणि एवढेही विचारा, की किल्ला कोणी बांधला हे पाटीवर लिहिलेले असते; पण मीठ कोणी काढले, त्यांचे पुढे काय झाले? हा प्रश्न आपल्या गावचा जुना वाडा पाहतानाही विचारण्याजोगा आहे.