पाळणा उभा राहताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत साधारणपणे १३ जानेवारीला अक्षता सोहळा, १४ला होमप्रदीपन आणि १५ला शोभेचं दारूकाम. नंदीध्वज, पांढरी बाराबंदी, अडुसष्ट लिंगं यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं आणि ते व्हायलाच हवं. पण याच यात्रेचा दुसरा जीव म्हणजे होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे तिथे भरणारी जत्रा. आमच्या पिढीला संक्रांत आठवते ती तिळगुळाइतकीच गड्ड्यावरच्या पाळण्यांनी. ते पाळणे उभे कसे राहतात हे पाहायचं तर गर्दी लोटायच्या आधी, मैदान मोकळं असताना जायला हवं. मी तसा जाऊ लागलो आणि पाळण्यात बसण्याइतकीच गोडी पाळणा बांधताना पाहण्याची लागली.

ट्रकमधून लोखंड उतरतं तेव्हा तो नुसता ढिगारा दिसतो. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक दांडीवर रंगाने आकडा घातलेला आहे आणि तिच्या समोरच्या जोडीदारावर त्याला जुळणारी खूण. पण लोखंडाला हात लागण्याआधी टोळीचा उस्ताद जमीन चालून बघतो. टाच दाबतो, माती उकरतो, दोन पावलं सरकून पुन्हा टाच दाबतो. जागा ठरली की रेल्वेच्या रुळांखाली असत तसले जाड लाकडी स्लीपर आडवे पडतात, त्यांवर तळाची चौकट बसते आणि गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी बाहेर निघते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर येईपर्यंत लाकडाखाली पाचरी ठोकणं चालू राहतं. यात अर्धा दिवस गेला तरी कोणी घाई करत नाही. खाली बोटभर फरक राहिला तर वर टोकाला तो केवढा होईल, हे त्या साऱ्यांना ठाऊक असतं.

मग दोन्ही बाजूंचे टावर उभे राहतात आणि चेनकप्पीला लटकून मधला शाफ्ट वर चढतो. पुढचा भाग सगळ्यात देखणा. चाक जमिनीवर जोडून उचलत नाहीत, ते हवेतच वाढतं. एक दांडी शाफ्टखाली लटकवून बोल्ट कसायचे, चाक हातांनी फिरवायचं, तिच्या बरोबर समोरची दांडी लावायची. पुन्हा फिरवायचं, पुन्हा समोरासमोरची जोडी. कुठल्याही जोडीनंतर थांबा, अर्धवट चाकसुद्धा तोललेलं असतं. शेवटी तारांचे ताण आवळतात आणि डबे टांगतात, तेही समोरासमोर.

एकदा मला बराच वेळ उभा असलेला पाहून तिथला म्हातारा फिटर म्हणाला, "काय बघालाव एवढं?" मी म्हटलं, "चाचा, तुम्ही प्रत्येक वेळी समोरचीच दांडी का लावता?" त्यांनी पाना खाली ठेवला आणि दोन्ही तळहात तराजूच्या पारड्यांसारखे धरून दाखवले. वजन सारखं असेल तर चाक एका माणसाच्या जोराने फिरतं. वजन एकीकडे झुकलं तर इंजिनाचंही ऐकत नाही.

लहानपणी गावच्या जत्रेत पाहिलेला रहाटपाळणा याच हिशेबावर चाले. चार पेट्या, लाकडी आस, तिला चोपडलेलं काळं वंगण आणि वर जाताना येणारी ती करकर. इंजिन नव्हतंच. पाळणेवाला पेटीचा काठ धरून खाली ओढायचा, ती सुटून वर गेली की पुढची धरायचा. पोरं बसवताना तो आधी प्रत्येकाला नखशिखान्त बघे. गुटगुटीत पोरासमोर दोन हडकुळी, बाळाला घेऊन बसलेल्या आईसमोर तिच्या वजनाची दुसरी बाई. मैत्रिणीशेजारीच बसायचं म्हणून कोणी रडलं तरी तो ऐकत नसे. आम्हाला तो खडूस वाटे. आज कळतं, त्याच्या नजरेत काटा होता.

हे चाक अमेरिकेत जन्मलं, असा समज आहे. जॉर्ज फेरिस यांनी शिकागोच्या प्रदर्शनात २६४ फूट उंचीचं लोखंडी चाक उभारलं ते १८९३ साली. त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी, १६२० मध्ये, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने तेव्हाच्या ऑटोमन राज्यातल्या, आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह शहरात माणसांनी फिरवायचा लाकडी पाळणा पाहून त्याचं चित्र काढून ठेवलं होतं. फेरिस यांचं काम अचाट होतं, पण पाळणा त्यांच्या आधीपासून जत्रांत फिरत होता.

आपल्या जत्रेतला पाळणा भन्नाट फिरतो, म्हणून तर पोटात गोळा येतो. पन्नास फूट व्यासाचं चाक दहा सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर अगदी वर असताना साठ किलोच्या माणसाला आपण बेचाळीस किलोचे झालो असं वाटतं आणि तळाशी येताच अठ्ठ्याहत्तरचे. वर हलकं, खाली जड, पुन्हा हलकं. पर्यटकांना शहर दाखवायला बांधलेल्या संथ चाकांत हे सुख नाही. लंडन आयला एका फेरीला सुमारे अर्धा तास लागतो.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान १९८९ साली सुरू झालं तेव्हा खाडी ओलांडून तिथे जाणं हा शाळकरी पोरांचा सोहळा होता. मोठे झोके, रोलर कोस्टर, सगळं मनापासून आवडलं. रोलर कोस्टरमध्ये पहिल्या चढावर साखळी गाडी ओढून नेते आणि माथा ओलांडला की ती त्या उंचीच्या जोरावरच शेवटपर्यंत पळते. तिथे माणसाचा हात दिसत नाही. मेलबर्नच्या लूना पार्कमधल्या १९१२ सालच्या लाकडी सीनिक रेल्वेची गोष्ट वेगळी, तिला गाडीतच उभा राहून ब्रेक ओढणारा माणूस लागतो. मला ती म्हणूनच जवळची वाटते. गड्ड्यावरचा पाळणाही असाच आहे. लिव्हरपाशी उभा असलेला माणूस पहिला डबा भरतो, अर्धं चाक फिरवतो, समोरचा भरतो. उतरवतानाही तोच क्रम. चाक वेगात आलं की त्याचे डोळे वर नसतात, तो मान कलती करून ऐकत असतो. एका संध्याकाळी त्याने भरलेलं चाक मध्येच थांबवलं, सगळ्यांना उतरवलं आणि पोऱ्याला एका दांडीकडे पाठवलं. एक बोल्ट पाव आट्याने सैल झाला होता. मला, शेजारी उभा असून, काहीही ऐकू आलं नव्हतं.

पाळणा बांधणारी आणि चालवणारी ही माणसं वर्षातले बरेच महिने घराबाहेर असतात. सारंगखेडा, पुसेगाव, सोलापूर, मग पुढची जत्रा. झोपतात पाळण्याच्याच खाली. आणि अनेक जत्रांत मी त्यांना कमरेला पट्टा न बांधता चाकाच्या टोकापर्यंत चढताना पाहिलं आहे. वर बसणाऱ्यासाठी साखळी लावतात, बांधणाऱ्यासाठी काही नाही, हे मला मान्य नाही. जत्रेची जागा देताना भाडं आणि तपासणीचा दाखला मागितला जातो. त्याच कागदावर चढणाऱ्या प्रत्येकासाठी सुरक्षा पट्टा, पिण्याचं पाणी, शौचालय आणि रात्री झोपायला आडोसा या अटी घालणं यात्रा समित्यांना आणि नगरपालिकांना सहज शक्य आहे. पुढच्या जत्रेच्या तयारीच्या बैठकीला तुम्ही जाणार असाल तर एवढा विषय जरूर काढा.